भिंतीचें वस्त्र आणि बालकांचें घर

ज्युबिलीच्या स्मरणग्रंथांत मंदिराचा पाया कधीं घातला गेला, घंटा कोणीं दिली, कोणकोणते धर्मगुरु येऊन गेले, हा वृत्तान्त यावयाचा, अशी रीतच आहे. आणि तो याच पुस्तकांत अन्यत्र यथासांग आलेला आहे. आम्ही येथें भिंतीचा, तोही तिच्या बाहेरच्या अंगाचा इतिहास लिहावयास बसलों आहों, हें पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. त्याचें कारण असें कीं, या ज्युबिलीचें स्मारक म्हणून बालवाडी व पाळणाघर यांसाठीं एक इमारत उभारण्याचें आपल्या धर्मग्रामानें ठरविलें आहे. जागा आहे, नकाशा झाला आहे, वर्गणीही जमत आहे. परंतु भिंतींस बाहेरून कोणतें आवरण द्यावें, या एका प्रश्नावर समितीचें घोडें अडलें आहे. तरुण मंडळींस शहरांतल्या नव्या इमारतींप्रमाणें ॲल्युमिनियमचे चकचकीत पत्रे हवे आहेत. कांहीं दात्यांचें म्हणणें असें कीं, दगडाच्या पातळ फरश्या चिकटवाव्या, म्हणजे काम कायमचें होईल. बहुतेकांस नेहमींचा सिमेंटचा गिलावा व त्यावर रंग एवढें पुरेसें वाटतें. आणि एक वयोवृद्ध गवंडी, ज्यांनीं गांवांतलीं कितीतरी घरें आपल्या हातांनीं उभीं केलीं, ते "चुना" एवढा एकच शब्द उच्चारून स्वस्थ बसतात. पैसा सर्वांचा, आणि मुलेंही सर्वांचीं. तेव्हां हात वर करून मत देण्यापूर्वीं या विषयांत आपल्या पूर्वजांनीं व इतर देशांतील लोकांनीं काय काय करून पाहिलें, हें सर्वांस ठाऊक असावें, इतकाच या लेखाचा हेतु.

बालकांच्या घराचा आणि भिंतीचा संबंध आरंभापासूनचा आहे, आणि त्याची कथा मोठी मौजेची आहे. रोम नगरींत सान लोरेन्सो नांवाची एक गरीब वस्ती होती. तेथील पडीक चाळी एका इमारत-कंपनीनें दुरुस्त करून मजुरांच्या कुटुंबांस राहावयास दिल्या. आईबाप दोघेंही दिवसभर कामावर जात. मागें राहिलेलीं लहान मुलें जिन्यांतून हुंदडत आणि नव्यानें रंगविलेल्या भिंती खरवडून टाकीत. या डागडुजीवर दरसाल पैसा घालण्यापेक्षां तोच पैसा मुलांस एका खोलींत सांभाळण्यावर खर्च केलेला बरा, असा सरळ व्यापारी हिशेब चालकांनीं केला, आणि ती खोली चालविण्यासाठीं डॉक्टर मारिया मॉन्टेसोरी या विदुषीस पाचारण केलें. १९०७ सालच्या जानेवारीच्या ६ तारखेस, म्हणजे तीन राजांच्या सणाच्या दिवशीं, ती खोली उघडली. तिचें नांवच "बालकांचें घर". ज्या पद्धतीनें पुढें सर्व जगांत बालशिक्षण पालटून टाकलें, तिचा पाळणा असा भिंती राखण्याच्या काळजींतून हलला. मुलांपासून भिंतीचें रक्षण करावें, हा तेव्हांचा प्रश्न होता. भिंतीपासून मुलांचें रक्षण करावें, हा प्रश्न कसा उत्पन्न झाला, तें पुढें येईलच.

आपल्या भागांत अशा घराची गरज कां भासूं लागली, हें कोणास सांगावयास नको. १८६७ च्या एप्रिल महिन्यांत विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल गाडी धांवली, आणि तेव्हांपासून वसईचीं केळीं, फुलें व भाजी यांच्या मागोमाग वसईचीं माणसेंही सकाळीं मुंबईस जाऊन रात्रीं परत येऊं लागलीं. पूर्वीं घरीं आजी असे, काकू असे, बावखलाच्या कांठीं एक डोळा ठेवणारी शेजारीण असे. आतां आई स्वतः गाडी धरते, आणि आजीही कोठें कोठें अजून नोकरींत असते. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यानें स्त्रीकामगारांच्या मुलांसाठीं पाळणाघराची तरतूद केली. २०१७ च्या सुधारणेनें पन्नास किंवा अधिक माणसें कामास असलेल्या आस्थापनांवर ती जबाबदारी टाकली. परंतु कचेरी मुंबईस आणि मूल वसईस, अशी स्थिति असतां त्या तरतुदीचा आमच्या मातांस फारसा उपयोग होत नाहीं. मूल गाडीच्या गर्दींतून नेणें कोणत्या आईच्या जिवावर येणार नाहीं?

आतां आपल्या अंगणांतल्या दगडाकडे वळूं. १५३४ सालच्या डिसेंबरच्या २३ तारखेस गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें तह करून वसई पोर्तुगीजांस दिली, आणि त्यानंतर जी दोनशें वर्षें गेलीं, त्यांत येथील काळ्या दगडाची कीर्ति दूरवर गेली. किल्ल्यांत फिरतांना आपण उंच कमानी आणि पडके मनोरे पाहतों, परंतु भिंत कशी रचली आहे, तें सहसा पाहत नाहीं. जवळ जाऊन पाहावें. भिंतीच्या पोटांत ओबडधोबड दगड व चुना यांची भर आहे. घडीव, गुळगुळीत, सांधा न दिसणारा काळा दगड आहे तो दारांच्या चौकटींस, कोपऱ्यांस, कमानींस, आणि दर्शनी भागावरील खांबांस व पट्ट्यांस. उरलेल्या भिंतीवर चुन्याचा गिलावा असे, आणि त्याचे तुकडे अद्याप कोठें कोठें चिकटून राहिलेले दिसतात. यांतील शहाणपण ध्यानीं घेण्यासारखें आहे. जेथें माणसाचा खांदा घांसतो, जेथें पाणी निथळतें, जेथें कोपरा झिजतो, तेथें दगड. जेथें केवळ वारा व पाऊस यांच्याशीं गांठ आहे, तेथें चुना. सर्वच भिंत घडीव दगडाची करण्याइतका पैसा त्या राज्यकर्त्यांजवळ नव्हता असें नाहीं. पण पाथरवटाचे श्रम जेथें उपयोगीं पडतील, तेथेंच त्यांनीं ते खर्चिले.

१७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं किल्ला घेतला, आणि पुढें त्यांतील मंदिरें ओस पडलीं. छप्पर गेल्यावर भिंतीच्या माथ्यांतून पाणी शिरलें, गिलावा फुगून गळाला, आणि त्या फटींत वड-पिंपळांनीं मुळें घातलीं. कोणत्याही भिंतीचें मरण याच क्रमानें येतें, मग ती राजवाड्याची असो वा गोठ्याची. म्हणून बाहेरील आवरणाची चर्चा करणाऱ्यांनीं आधीं छपराच्या वळचणीकडे पाहावें, असें आमचें मत आहे. परंतु समितीच्या तीन सभांत वळचणीचा उल्लेख एकदांही झाला नाहीं.

वसईचा हा दगड जहाजांत बसून गोव्यास गेला. जुन्या गोव्यांतील बॉम जेझूस बॅसिलिका, जेथें संत फ्रान्सिस झेवियर यांचा पवित्र देह आहे, तिचें काम १५९४ सालीं सुरू झालें व १६०५ सालीं तिचें पवित्रीकरण झालें. तिच्या दर्शनी भागावरील कोरीव खांब व नक्षी वसईच्या काळ्या दगडाची आहे. भिंती मात्र गोव्यांत विपुल सांपडणाऱ्या जांभ्या दगडाच्या. जांभा हा मोठा विचित्र दगड. जमिनींत असतो तों कुऱ्हाडीनें कापावा इतका मऊ, आणि वाऱ्यावर ठेवला कीं हळूहळू कठीण होणारा. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टरानें मलबारांत तो पाहिला, आणि विटेप्रमाणें कापतां येतो म्हणून १८०७ सालीं लॅटिन भाषेंतील "लातेर" म्हणजे वीट या शब्दावरून त्याचें नांव ठेवलें. हा दगड कठीण झाला तरी सच्छिद्रच राहतो. स्पंजाप्रमाणें पाणी पितो. म्हणून गोव्यांतील जुने गवंडी जांभ्याच्या भिंतीस चुन्याचा जाड गिलावा दिल्यावांचून सोडीत नसत. बॅसिलिकेच्या भिंतींवरही तसा गिलावा होता, आणि साडेतीनशें पावसाळे त्यानें आपल्या अंगावर घेतले.

मग १९५० नंतरच्या दशकांत बाल्थाझार कास्त्रो नांवाचे पोर्तुगीज स्थापत्यविशारद आले. इमारत जुनी दिसावी, तिचा दगड लोकांस दिसावा, या आवडीनें त्यांनीं तो गिलावा खरवडून काढविला. तेव्हांपासून ती लाल, उघडी, भव्य वास्तु सर्वांच्या डोळ्यांत भरली. टपाल-तिकिटांवर, पंचांगांवर, भिंतींवरच्या चित्रांत तीच लाल आकृति लोकांस परिचित झाली. पण जांभ्यास आतां वस्त्र उरलें नाहीं. दर पावसाळ्यांत तो पाणी पितो, दर उन्हाळ्यांत सुकतो, आणि थरांमागून थर झिजून जातो. गिलावा पुन्हां द्यावा, असें स्थापत्य जाणणारे व मंदिराची काळजी वाहणारे म्हणतात. आम्हांस तीच लाल बॅसिलिका प्रिय आहे, असें दुसरे म्हणतात. १९८६ पासून ती जागतिक वारशांत गणली जात असल्यामुळें निर्णय अधिकच नाजूक झाला आहे. आमच्यापुरतें विचाराल, तर आम्ही गिलाव्याच्या बाजूचे आहों. शीतज्वर आलेल्या मनुष्याची शाल, त्याचे बाहु सुंदर दिसावे म्हणून, कोणी काढून घेत नाहीं. असो. आमच्या विषयाशीं या हकीकतीचा संबंध असा कीं, भिंतीचें आवरण हें शोभेसाठीं असतें, अशी समजूत ज्यांनीं केली, त्यांनीं शोभेसाठींच तें काढूनही टाकलें.

आतां चुना म्हणजे काय, हें थोडें सविस्तर सांगणें प्राप्त आहे, कारण तरुण वाचकांनीं तो तंबाखूच्या डबींतच पाहिला असण्याचा संभव आहे. चुनखडी किंवा समुद्रकांठचे शिंपले भट्टींत भाजले, म्हणजे कळीचा चुना होतो. त्यावर पाणी घातलें कीं तो उकळतो, फुटतो, आणि विरून लोण्यासारखा मऊ होतो. तो वाळूबरोबर बैलाच्या घाणींत मळीत, त्यांत कोठें गूळ, कोठें हिरड्याचें पाणी घालीत, आणि मग भिंतीवर चढवीत. तेथें तो हवेंतील कार्बनिक वायु सावकाश ओढून घेतो आणि पुन्हां दगड होतो. जो शिंपला भट्टींत गेला, तोच जणूं भिंतीवर परत येतो. या सर्वांस वेळ लागतो. प्राचीन रोममधील प्लिनी या ग्रंथकारानें नमूद केलें आहे कीं, तीन वर्षें भिजलेला नसेल असा चुना कंत्राटदारानें वापरूं नये, असा जुन्या बांधकामाच्या नियमांत निर्बंध होता, आणि त्यामुळें त्या काळच्या गिलाव्यास तडे जात नसत. सेमिनरींत असतांना लॅटिन शिकण्याचा एक लाभ असा कीं, गवंड्याशीं वाद घालतांना प्लिनी हाताशीं असतो. मात्र आमच्या वयोवृद्ध गवंड्यांस प्लिनीची गरज पडली नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे.

१८२४ सालीं जोसेफ ॲस्पडिन या इंग्रज गवंड्यानें पोर्टलंड सिमेंटचें पेटंट घेतलें, आणि १९१४ सालीं पोरबंदरच्या कारखान्यांतून हिंदुस्थानांत बनलेलें सिमेंट बाहेर पडूं लागलें. तें लवकर आवळतें, कठीण होतें, वाट पाहावयास लावीत नाहीं. पुलास, खांबास, स्लॅबास त्यासारखा पदार्थ नाहीं, हें आम्ही मोकळेपणानें मान्य करितों. पण वसईची भिंत ही खाऱ्या हवेंत व ओल्या जमिनीवर उभी असते. विटेंतून वर चढणारें पाणी आपल्याबरोबर मीठ आणतें. चुन्याच्या गिलाव्यांतून पाणी वाफ होऊन निघून जातें. मीठ बाहेर येऊन लोणा धरतें, तो झाडून टाकतां येतो, आणि गिलावा खराब झालाच, तर तेवढाच भाग काढून नवा देतां येतो. सिमेंटचा घट्ट गिलावा व त्यावर तैलरंग यांनीं मात्र वाट बंद होते. मीठ आंतल्या आंत खडे धरतें, विटेस पोखरतें, आणि एके दिवशीं पोपडा निघतो तो विटेची सालही घेऊन येतो. बांधून दहा पावसाळेही न झालेल्या इमारतींची अशी अवस्था ज्यांनीं पाहिली नाहीं, असा वसईकर विरळा.

पावसाचीही दिशा पाहिली पाहिजे. आपल्याकडे तो नैर्ऋत्येकडून येतो आणि तिरपा मारतो. म्हणून कोंकणांतील लोक जूनपूर्वीं घराच्या त्या अंगास माडाच्या झावळ्यांचे झांप बांधीत. भिंतीपासून थोडें दूर राहणारें, पाणी अंगावर घेऊन निथळून टाकणारें, मागून वारा खेळूं देणारें असें हें दुसरें वस्त्र. परदेशांतील स्थापत्यशास्त्रज्ञ ज्यास आज पावसाचा पडदा म्हणून गौरवितात, आणि ज्यासाठीं मोठ्या कंपन्या पत्र्यांचे सांगाडे विकतात, तें आमच्या आजोबांनीं काथ्याच्या दोरीनें बांधलें होतें, आणि पाऊस सरला कीं चुलींत घातलें होतें.

आपल्याच पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागांत वारली बांधवांचें घर असतें तें कारवीच्या काठ्यांच्या कुडाचें. त्यावर शेणमातीचें लिंपण, लिंपणावर गेरू, आणि गेरूवर तांदळाच्या पिठाचीं पांढरीं चित्रें. त्यांत मातीपलीकडे कांहीं विकत आणलेलें नाहीं. मुलानें तोंडांत घातलें, तरी भय नाहीं. याच मुलुखांत हिंदुस्थानांतील बालशिक्षणाचा एक थोर प्रयोग झाला. भावनगर येथें गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं बालमंदिर काढलें. ताराबाई मोडक त्यांस जाऊन मिळाल्या. आणि १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. दोघांनींही मॉन्टेसोरीबाईंचें तत्त्व घेतलें, पण परक्या देशांतलें महाग सामान घेतलें नाहीं. १९४५ सालीं ताराबाई बोर्डीस आल्या. तेथील गरीब मुलें बालवाडीच्या इमारतीपर्यंत येत ना. घरचें काम, धाकटें भावंड, संकोच, अशीं अनेक कारणें. तेव्हां ताराबाईंनीं बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणांत नेली. भिंत नाहीं, छप्पर नाहीं, एक झाड आणि सारवलेली जमीन. "अंगणवाडी" हा शब्द तेथला. पुढें कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या साथीनें त्यांनीं गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळाही चालविल्या. १९७५ सालच्या ऑक्टोबरच्या २ तारखेस सरकारनें एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हां बोर्डीचा तो शब्द सर्व देशानें उचलला. आमचे कांहीं समितीसदस्य यावरून असा निष्कर्ष काढतील कीं, मग भिंतच नको! तसें नव्हे. ज्या आईस सायंकाळीं सात वाजतां गाडी मिळते, तिच्या मुलास अंगण पुरत नाहीं. परंतु मुलाच्या दृष्टीनें भिंतीचें मोल किती, याचा अंदाज त्या अंगणावरून बांधावा.

भिंतीपासून मुलाचें रक्षण, असें आम्ही वर म्हटलें. त्याची पहिली ठळक हकीकत ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन शहरची आहे. तेथील घरें लांकडी, व्हरांडे प्रशस्त, आणि कठडे शिशाच्या पांढऱ्या रंगानें रंगविलेले. मुलें डोळ्यांच्या व्यथेनें व पायांच्या लुळेपणानें आजारी पडत, आणि कारण उमजत नसे. लॉकहार्ट गिब्सन या डॉक्टरांनीं १९०४ सालीं तें कारण दाखवून दिलें. उन्हानें बाहेरच्या रंगाची भुकटी होते, ती मुलांच्या बोटांस लागते, आणि मूल बोट चोखतें. इतकी साधी गोष्ट. पण ती मान्य होऊन कायदा होण्यास १९२२ साल उजाडलें. आपल्या देशांत २०१६ च्या नियमांनीं रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लक्ष भागांत ९० भागांपलीकडे जाऊं नये, असें ठरविलें, आणि ते २०१७ पासून अंमलांत आले. म्हणून नवा रंग घेतांना डब्यावरील अक्षरें वाचावीं. आणि जुन्या लांकडी दारांवरचा रंग मुलें जवळ असतांना कोरडा घांसूं नये.

दुसरी गोष्ट अग्नीची, आणि ती लिहितांना लेखणी जड होते. २००४ सालच्या जुलैच्या १६ तारखेस तामिळनाडूंतील कुंभकोणम येथें एका शाळेस आग लागली. शाकारलेलें छप्पर पेटून मुलांवर कोसळलें, आणि ९४ बालकें मृत्यु पावलीं. या अनर्थानंतर सर्वोच्च न्यायालयापुढें अर्ज झाला, आणि २००९ सालच्या एप्रिलांत न्यायालयानें निर्णय दिला कीं, मुलाच्या शिक्षणाच्या हक्कांत सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे. झांपांची आम्हीं वर स्तुति केली, ती राहत्या घरापुरती. मुलांच्या समुदायावर वाळलेली झावळी नको. आणि शहरी तरुणांनीं असें समजूं नये कीं, आग ही केवळ गवताच्या छपराची गोष्ट आहे. लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या उंच इमारतीस २०१६ सालीं संपलेल्या दुरुस्तींत बाहेरून ॲल्युमिनियमचे पत्रे बसविले होते. वरून धातु, पण दोन पातळ पत्र्यांमध्यें प्लॅस्टिकचा गाभा. २०१७ सालच्या जूनच्या १४ तारखेस एका स्वयंपाकघरांतील आग खिडकीबाहेर आली, त्या गाभ्यास लागली, पत्र्यांच्या मागील पोकळींतून चिमणींतल्याप्रमाणें वर चढली, आणि ७२ माणसें दगावलीं. ज्या पत्र्याचा नमुना समितीच्या टेबलावर फिरला, तो याच जातीचा आहे. न जळणाऱ्या खनिजाचा गाभा असलेला पत्राही मिळतो, पण तो महाग असतो, आणि विकणारा कोणता देतो, हें आपल्यास डोळ्यांनीं ओळखतां येत नाहीं. शिवाय एकमजली बालवाडीस पत्र्याचें कवच हवेंच कशाला? मे महिन्याच्या दुपारीं त्यास हात लावून पाहावा. तीन वर्षांच्या मुलाचा हात तुमच्या हाताहून कोमल असतो. आणि पत्र्यामागील पोकळींत गांधीलमाशी, उंदीर, व उंदरामागून येणारा पाहुणा यांस वाडीच्या गांवांत किती दिवस लागतील, हें आमच्यापेक्षां वाचकच चांगलें जाणतात.

ॲस्बेस्टॉसच्या पत्र्याविषयीं एवढेंच सांगतों कीं, त्याची धूळ फुप्फुसांत कर्करोग उत्पन्न करते, साठांहून अधिक देशांनीं तो वर्ज्य केला आहे, आणि मागील आवारांतील जुन्या शेडचे पत्रे फुकट मिळतात म्हणून ते येथें बसविण्याची सूचना समितीनें फेटाळली, हें योग्य झालें.

उरली दगडी फरशी. पातळ फरशी सिमेंटनें किंवा गोंदानें भिंतीस चिकटविली, म्हणजे दगडाची भिंत होत नाहीं. दगडाचा मुखवटा होतो. ऊन व पाऊस यांच्या फेऱ्यांत फरशी व भिंत यांचें फुगणें-आकसणें सारखें राहत नाहीं, पकड सुटते, आणि फरशी खालीं येते. खालीं कोण खेळत असेल, तें सांगावयास नको. ज्या दात्यांनीं दगडासाठीं देणगी देऊं केली आहे, त्यांचें मन मोडूं नये, असें आम्हांस मनापासून वाटतें; म्हणून त्यांस आमची सूचना अशी कीं, त्यांच्या दगडास किल्ल्यांतला मान द्यावा. जोत्यापासून तीन फूट उंचीपर्यंत, कोपऱ्यांस व दारांच्या चौकटींस खरा, रचलेला काळा दगड वापरावा. तेथें मुलांच्या सायकली आदळतात, तेथें पाण्याचे शिंतोडे उडतात, आणि तेथें मूल भिंतीस पाठ लावून बसतें. कोपरे मात्र पाथरवटाकडून गोल करून घ्यावे, आणि दर्जा भिंतीशीं सपाट भराव्या, म्हणजे चढावयास पायरी होणार नाहीं.

त्या तीन फुटांवर विटेची भिंत आणि चुन्याचा गुळगुळीत गिलावा, असें आमचें मत बनलें आहे. खरबरीत गिलावा शोभतो, पण कोंपर सोलतो. पश्चिमेच्या अंगास कौलारू पडवी आणि रुंद वळचण घ्यावी, म्हणजे झड भिंतीपर्यंत पोंचणारच नाहीं आणि मुलांस पावसांतही बसावयास जागा होईल. यावर दोन आक्षेप घेतले गेले आहेत, आणि दोन्ही खरे आहेत. पहिला असा कीं, चुन्यास दरसाल हात द्यावा लागतो. लागतोच. नाताळापूर्वीं घरास सफेदी काढण्याची चाल आपल्याकडे होती, ती याचसाठीं; धर्मग्रामाच्या प्रत्येक विभागानें पाळीपाळीनें एक दिवस दिला, तर खर्च चुना व कुंच्याचा. मात्र ताजा चुना डोळ्यांस व कातडीस पोळतो, म्हणून तें काम सुट्टींत व्हावें आणि मुलांस त्या दिवशीं आवारांत येऊं देऊं नये. दुसरा आक्षेप अधिक बिकट आहे: चुन्याचा हात असलेला गवंडी आतां मिळतो कोठें? आपल्या गांवांत एक आहेत, आणि त्यांचें वय आम्हीं वर सूचित केलेंच आहे. त्यांनीं तीन तरुण गवंडी बरोबर मागितले आहेत. दोन मिळाले आहेत. तिसरा कोणी पुढें येईल, तर त्यानें पॅरिश कचेरींत नांव द्यावें. मजुरी समिती देईल.

समितीनें अद्याप कोणताही ठराव केलेला नाहीं, आणि आमचें मत हें एकट्याचें मत होय. वाद शब्दांनीं मिटत नाहीं, असें पाहून गेल्या महिन्यांत सामानाच्या कोठीच्या पश्चिम भिंतीवर शेजारीं शेजारीं चार चार हात लांबीचे दोन तुकडे गिलावून ठेवले आहेत; एक सिमेंटचा व त्यावर रंगाचा, दुसरा चुन्याचा. दोहोंवर तारीख कोरलेली आहे. तेथें वळचण नाहीं, पडवी नाहीं, आणि नैर्ऋत्येचा पाऊस सरळ अंगावर येतो. समितीची सभा पावसाळा सरल्यावर त्याच भिंतीपुढें भरेल. मधल्या चार महिन्यांत मिस्सेस येतां-जातां ज्यास सवड होईल, त्यानें दोन्ही तुकड्यांस हात लावून पाहावा, व कोठीच्या दाराशीं टांगलेल्या वहींत काय दिसलें तें तारखेनिशीं लिहावें.